असाकुसात जेवायचं ते घड्याळ बघून

असाकुसातल्या जुन्या दुकानांचा एक नेम आहे. एकच पदार्थ करायचा, तो दुपारी किंवा संध्याकाळी लवकर संपवायचा आणि शटर ओढायचं. रात्री साडेआठला भुकेल्या पोटी कामिनारिमोनच्या, म्हणजे सेन्सोजी या बौद्ध देवळाच्या बाहेरच्या दरवाज्याच्या, मोठ्या लाल कंदिलाखाली पोहोचलात, तर फोटो छान येतील, पण जेवायला बहुतेक चेनवाली हॉटेलंच उरतील. म्हणून तोक्योच्या या भागात एका ठिकाणी तट्ट जेवण्यापेक्षा सकाळपासून थोडं थोडं खात फिरावं, असं माझं मत आहे.

सेन्सोजीचं मुख्य देऊळ सकाळी सहाला उघडतं, थंडीत साडेसहाला. देवळाकडे जाणाऱ्या नाकामिसे गल्लीतली दुकानं मात्र नऊ-दहाशिवाय जागी होत नाहीत. मधल्या वेळात दर्शन उरकून तावारामाची स्टेशनकडे चालत जा. तिथे पेलिकन ही 1942 पासूनची बेकरी आहे. पाव दोनच प्रकारचा, लादीचा आणि रोलचा. जवळच त्यांचा कॅफे आहे, तिथे याच पावाचा जाड टोस्ट कोळशावर भाजून देतात. शाकाहारी माणसाला खाता येईल अशी इथली ही पहिली जागा. रविवारी मात्र बेकरी बंद असते.

मग नाकामिसे. अडीचशे मीटरची गल्ली, दोन्ही बाजूंना दुकानं. इथे चालता चालता खाऊ नये असा दंडक आहे. ज्या दुकानात घेतलं त्याच्याच समोर उभं राहून संपवायचं आणि काडी-कागद तिथेच परत द्यायचा, कारण रस्त्यावर कचऱ्याचे डबे जवळपास नाहीतच. अझुमाचे किबिदांगो घ्या. वरईसारख्या बारीक धान्याच्या पिठाचे मऊ गोळे काडीला टोचून सोयाबीनच्या भाजलेल्या पिठात घोळवून देतात. पीठ कोरडं असतं, खाताना श्वास आत ओढलात की ठसका ठरलेला. निंग्योयाकी म्हणजे साच्यात भाजलेला, आत लाल घेवड्याचं गोड सारण भरलेला छोटा केक. किमुराया 1868 पासून तो कबुतर, कंदील, पाचमजली पॅगोडा अशा आकारांत करतात. त्यात अंडं असतं. गरम असतानाच मजा, गार झाला की साधारणच लागतो. कागेत्सुदोच्या मोठ्या मेलनपावाचंही (खरबुजासारखा दिसणारा गोड पाव) तसंच, वरची साखरेची पापडी तासाभरात मऊ पडते.

अकराच्या आत जेवणाची रांग धरावी. कामिनारिमोनच्या दक्षिणेला नामिकी याबुसोबा आहे, 1913 चं. सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया. कुट्टूची ॲलर्जी असेल तर लांबच राहा. इथला झारुसोबा थंड, सोबत वाटीत जवळजवळ काळा, चांगलाच खारट रस. या रसात शेवया बुडवून ठेवल्या की सगळं जेवण खारट होतं. चार-पाच शेवया उचला, खालचा एक तृतीयांश भाग रसाला लावा आणि आवाज करत ओढून घ्या. वासाबी रसात कालवू नका, थोडा शेवयांवर ठेवा. शेवटी सोबायु येतं, म्हणजे शेवया उकळलेलं गरम पाणी. ते उरलेल्या रसात ओतून प्यायचं. एक ताट अगदी थोडं असतं. भूक असेल तर दोन मागवा.

दायकोकुयाचा तेन्दोन, म्हणजे भातावर तेम्पुरा (जपानी भजी), (1887 पासून) बघून बरेच जण नाराज होतात, आणि तेही चुकीच्या कारणाने. भजी कुरकुरीत नसते. कोळंबी तिळाच्या तेलात तळून गडद गोडसर सॉसमध्ये बुडवतात आणि मग भातावर ठेवतात, त्यामुळे आवरण मऊ आणि तपकिरी होतं. तोक्योची जुनी पद्धत तीच. कुरकुरीत हवं असेल तर दुसरीकडे जा.

देवळाच्या मागच्या बाजूला यादोरोकु आहे, 1954 पासून ओनिगिरी, म्हणजे सारण भरलेले भाताचे गोळे, वळणारं. भात संपला की दुकान बंद. ओनिगिरी हातात आल्या आल्या खा, वर गुंडाळलेली नोरी (समुद्रशेवाळाचा पातळ कागद) दोन मिनिटांत वातड होते.

आता शाकाहाराचा खरा प्रश्न. वर सांगितलेला सोब्याचा रस, तेन्दोनचा सॉस, ओनिगिरीबरोबरचं मिसो सूप या सगळ्यांच्या तळाशी कात्सुओबुशी असते, म्हणजे सुकवलेल्या बोनिटो माशाचे काप. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हटलंत तर दिसणारा मासा काढतील, रसातला काढणार नाहीत, कारण कित्येकांना तो मासा वाटतच नाही. 'निकु मो साकाना मो, कात्सुओ नो दाशि मो ताबेरारेमासेन' (मांस, मासे आणि बोनिटोचा रसही चालत नाही) हे वाक्य जपानी लिपीत फोनवर लिहून दाखवा. उत्तर 'नाही जमणार' असं आलं तर वाद घालू नका, रस सकाळीच करून ठेवलेला असतो. भाज्यांचा तेम्पुरा मिठाबरोबर मागता येतो, पण पिठात अंडं असतं आणि तेल कोळंबी तळलेलंच.

दुपारी सुमिदा नदीकडे दहा-एक मिनिटं चालत मात्सुचियामा शोदेनला जाऊन या. ही कांगितेनची जागा, म्हणजे आपलाच गणपती, बौद्ध वेशातला. मूर्तीचं दर्शन होत नाही. इथे नैवेद्य मुळ्याचा! मुळा देवळातच विकत मिळतो आणि वाहिलेले मुळे प्रसाद म्हणून भक्तांना फुकट देतात. 7 जानेवारीला मुळ्याचा उत्सव असतो, तेव्हा शिजवलेला मुळा वाटतात. परत येताना सुझुकिएनचं माच्चा जेलातो, म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीचं आइस्क्रीम, खा. कडवटपणाचे सात नंबर आहेत. सात नंबर खरोखर जहाल आहे. चहाची गोडी कळायला चार-पाच पुरे.

संध्याकाळ मासे खाणाऱ्यांची. कोमागाता दोझेउ 1801 चं. बोटाएवढे चिखलातले मासे अख्खेच, आधी शिजवून, उथळ लोखंडी तव्यात कोळशावर येतात. वर पातीच्या कांद्याचा ढीग तुम्हीच रचायचा, रस आटला की शेजारच्या भांड्यातला घालायचा, वरून सांशो भुरभुरायची. सांशो ही आपल्या तिरफळाची जवळची नातलग, त्यामुळे कोकणी जिभेला ती लगेच ओळखीची वाटते. काटे मऊ झालेले असतात, काढत बसू नका. ते नकोच असतील तर काटे काढलेला प्रकार मागा. बसायचं जमिनीवर, ताट लांब फळीवर. गुडघ्यांचा त्रास असेल तर आधी विचार करा.

पिणाऱ्यांसाठी कामिया बार, 1880 चा. इथलं देंकी ब्रान हे ब्रँडी, जिन, वाइन वगैरे मिसळून केलेलं गोड पेय 30 आणि 40 टक्के अशा दोन ताकदींत मिळतं. गोडीला फसू नका. इथली जुनी मंडळी सोबत बिअरचा घोट घेतात, पण त्यांची बरोबरी करायला जाऊ नका. होप्पी हे बिअरसारखं पेय शोचू या जपानी दारूत मिसळून पितात. होप्पी गल्लीत बसलात तर पहिल्यांदा 'सेत्तो' (दोन्ही एकत्र) मागा, पुढे फक्त 'नाका', म्हणजे शोचू. होप्पीच्या एका बाटलीत दोन-तीन ग्लास निघतात. न मागता आलेल्या छोट्या वाटीचे पैसे बिलात लागतात, ती फसवणूक नाही, बसण्याची फी आहे. तिथल्या पातेल्यातलं रटरटणारं बहुतेक गोमांस असतं, आधी विचारा. रोख येन जवळ ठेवा, जुन्या दुकानांत कार्ड चालेलच असं नाही.

घरी न्यायला फुनावाचं इमोयोकान मोह पाडतं. रताळं, साखर, मीठ, बस्स, त्यामुळे शाकाहारी, पण टिकतं जेमतेम. ते हॉटेलवरच लोण्यात परतून संपवा. पुण्या-मुंबईला कामिनारी-ओकोशी न्या, आपल्या कुरमुऱ्याच्या चिक्कीसारखी असते आणि बॅगेत चुरा झाली तरी खाता येते.