तुम्ही विचारलंत म्हणून : कोपऱ्याला फेविकॉल का नाही?

माझ्याकडे येणारी चित्रकलेची पोरं कॅनव्हासची चौकट उलटी करून बघतात आणि हमखास विचारतात, "सर, कोपऱ्याला फेविकॉल नाही, स्क्रूही नाही. मग हे उभं कशावर राहिलंय?"

खाचेवर आणि कापडाच्या ताणावर. पट्टीच्या टोकाला पंचेचाळीसचा काप, त्यात खाच आणि जीभ, दोन्ही पट्ट्या एकमेकींत सरकवायच्या. आतल्या कोपऱ्यात दोन-दोन लाकडी पाचरी, म्हणजे चौकटीला आठ. युरोपात ही पाचरीची चौकट १८व्या शतकाच्या मध्याच्या सुमाराला आली, त्याआधी कोपरे पक्के ठोकलेले असत. मीही सुरुवातीची काही वर्षं त्या जुन्याच काळात राहत होतो.

तीन बाय चार फुटांचं तैलचित्र होतं. कोपऱ्यांना फेविकॉल, वर प्लायवूडचे त्रिकोण, त्यावर स्क्रू. चौकट कसली, बैलगाडीच होती! कोल्हापुरात पाऊस लागला आणि पंधरा दिवसांत कापडाला पोट सुटलं. ताणायचं तर कोपरा जरा उघडायला हवा, आणि तो तर मीच जाम करून ठेवलेला. शेवटी स्टेपल उपटून प्लायरने कापड ओढलं, तर कडेच्या घडीवरचे रंगाचे टवके उडाले. पाचर असती तर हलक्या दोन टोल्यांचं काम होतं.

हलक्याच, बरं का. एकाच कोपऱ्यात जोर काढलात तर तिथून तिरक्या सुरकुत्या पडतात. थोडं इथे, थोडं तिथे, असं चारही कोपरे फिरायचं. आणि पाचर गळून खालच्या पट्टीमागे जाऊन बसली, तर चित्राला समोरून टेंगूळ येतं. म्हणून मी तिला बारीक भोक पाडून दोऱ्याने चौकटीला बांधतो. घरच्यांना ते नजर लागू नये म्हणून बांधलेलं वाटतं.

लाकूड मी वखारीतून पाइनचं आणतो, तेही उन्हाळ्यात. सागवान उत्तम, पण कापडाखाली झाकायचंच आहे तर एवढे पैसे कशाला, आणि वजन वेगळंच. आंब्याच्या वाटेला जाऊ नका, चार महिन्यांत भिंतीखाली पिठी पडायला लागते. पट्टी एक डोळा मिटून टोकाकडून बघायची. साधा बाक असला तर आडव्या पट्टीने थोडाफार सावरतो, पीळ असला तर मात्र तिथेच ठेवून यायचं. डोळ्याला नाही कळलं तर फरशीवर ठेवून एक टोक दाबा, डुगडुगली की समजा. गाठ मधोमध असली तर चालवून घेतो, टोकाजवळ नाही, कारण खाच पाडताना नेमकं तिथेच चिरतं. आणलेली पट्टी दोन-तीन आठवडे आडवी, घरात.

समोरच्या अंगाला पट्टीची बाहेरची कड उंच ठेवून आत रंध्याने उतार काढतात, तो विसरू नका. सपाट पट्टीला कापड टेकलं की आतल्या कडेची सरळ रेघ चित्रावर उठते आणि मग आभाळाला चौकट दिसते. तीन फुटांच्या वर गेलात की मध्ये आडवी पट्टी हवीच.

जोडून झाली की टेप लावायची, बाजूंना नाही, कर्णांना. तीन बाय चारला दोन्ही कर्ण बरोबर ६० इंच. माझे पहिल्या खेपेला बहुधा एक सव्वासाठ आणि दुसरा पावणेसाठ असे येतात. मग लांब कर्णाच्या कोपऱ्यावर रबरी हातोडीची एक थाप, पुन्हा टेप. फेविकॉल वाळलेला असता तर ती थाप कुठे मारली असती?