दारिओ आर्जेन्तो परत आला आणि येताना कुत्रं घेऊन आला

डार्क ग्लासेस हा पिक्चर बघून झाला एकदाचा. २०२२ला बर्लिनच्या फेस्टिव्हलमध्ये पहिल्यांदा दाखवला तेव्हा त्याचा इटालियन दिग्दर्शक दारिओ आर्जेन्तो ८१ वर्षांचा होता, त्याच्या आधीचा पिक्चर म्हणजे २०१२चा थ्रीडी ड्रॅक्युला, तो मलाही आवडला नव्हता, त्यामुळे मधल्या दहा वर्षांत लोकांनी त्याचं नाव टाकूनच दिलं होतं. सोलापुरात थेटरात यायचा तर प्रश्नच नव्हता, रात्री घरी लाईट बंद करून हेडफोन लावून बघितला. नेटवर बघावं तर बरेच जण म्हणतायत म्हातारा संपला. मला हे अजिबात पटलेलं नाही म्हणून लिहायला बसलो.

डार्क ग्लासेस हा जॅलो, म्हणजे इटालियन खूनरहस्याचा पिक्चर. हा प्रकार ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, जॅलो म्हणजे पिवळा. इटलीत मोंदादोरी प्रकाशनाने १९२९पासून पिवळ्या कव्हरच्या स्वस्त रहस्यकथा काढल्या, आपल्याकडे आजोबांच्या पिढीने लायब्ररीतून बाबूराव अर्नाळकर आणून एका रात्रीत संपवले तसंच तिकडे चालायचं, मग साठच्या दशकात मारिओ बाव्हा या दिग्दर्शकाने तो प्रकार पडद्यावर आणला, आणि १९७०ला आर्जेन्तो आला आणि पहिल्याच पिक्चरमध्ये त्याने सगळ्यांना मागे टाकलं. काळे हातमोजे घातलेला खुनी, चाकू, आणि एक साधा माणूस ज्याने काहीतरी बघितलंय. त्या पहिल्या पिक्चरमध्ये एक लेखक रात्री काचेच्या दोन दारांच्या मधे अडकतो, पलीकडे आर्ट गॅलरीत एका बाईवर हल्ला झालाय, याला सगळं दिसतंय पण हलता येत नाही. आणि पुढे सगळा पिक्चर तो हेच आठवत बसतो की त्या वेळी आपल्याला नेमकं काय दिसलं.

१९७५च्या डीप रेडमध्ये तर कमाल आहे. सुरुवातीच्या खुनानंतर पियानोवाला एका लांब कॉरिडॉरमधून धावतो, दोन्ही बाजूंना चित्रंच चित्रं, आणि नंतर त्याला वाटत राहतं की इथलं एक चित्र गायब झालंय. शेवट बघितल्यावर मी मागे जाऊन तो कॉरिडॉर पॉज करत करत बघितला, आणि उत्तर तिथेच होतं! कॅमेरा त्याच्यावरून गेलेला, माझ्या डोळ्यांसमोरून गेलेला. काय होतं ते सांगत नाही, ज्यांनी बघितला नाही त्यांनी आधी तो बघा.

म्हणजे या माणसाचे पिक्चर डोळ्यांवर चालतात, बघण्यावर. आणि म्हातारपणी परत जॅलो करताना त्याने काय केलं, तर नायिकेची नजरच काढून घेतली.

गोष्ट साधी आहे. रोममध्ये डायना नावाची एस्कॉर्ट असते, एक खुनी अशाच बायकांना तारेने गळा कापून मारत सुटलाय, तो पांढऱ्या व्हॅनमधून हिच्या मागे लागतो, अ‍ॅक्सिडेंट होतो, हिची दृष्टी जाते, आणि ज्या गाडीला धडक बसली त्यात एक चिनी कुटुंब होतं, त्यातला छोटा मुलगा चिन एकटा पडतो. मग ही दोघं एकमेकांना धरून राहतात. सुरुवातीचा ग्रहणाचा सीन मी तीनचारदा बघितला असेल. भर दिवसा रोमवर अंधारून येतं, लोक डोळ्यांपुढे काळं काहीतरी धरून वर बघतायत, कुत्री भुंकायला लागतात, डायना गाडी थांबवून उतरते, वर बघते, डोळ्यांना त्रास होतो आणि ती काळा गॉगल चढवते. अजून काहीही झालेलं नाही, एक थेंब रक्त नाही, आणि पोटात गोळा येतो. आमच्याकडे ग्रहण लागलं की आजी दारंखिडक्या लावून सगळ्यांना आत बसवायची, कदाचित त्यामुळेही मला तो सीन जास्त लागला असेल.

आता मला जे सांगायचंय ते. १९७१च्या कॅट ओ नाईन टेल्समध्ये एक आंधळा माणूस आहे, शब्दकोडी तयार करणारा, आणि त्याच्यासोबत एक लहान मुलगी, ती त्याचे डोळे. १९७७च्या सस्पिरियामध्ये आंधळा पियानोवाला आहे, रात्री मोकळ्या चौकातून चाललाय आणि त्याचं स्वतःचं कुत्रं त्याच्या नरड्याला लागतं. तो सीन ज्याने बघितलाय तो विसरत नाही. आणि आता पन्नास वर्षांनी डार्क ग्लासेसमध्ये परत आंधळी बाई, परत लहान पोरगं, परत कुत्रं. नेरेया नावाची अल्सेशियन. लोक काळे हातमोजे शोधत बसले आणि ते दिसले नाहीत म्हणून नाराज झाले, पण म्हातारा स्वतःचीच जुनी माणसं घेऊन परत आलाय हो! सस्पिरिया डोक्यात असल्यामुळे ती नेरेया पहिल्यांदा घरात येते तेव्हापासून मी सावरून बसलो होतो, कारण याच्या पिक्चरमध्ये आंधळ्याच्या कुत्र्यावर विश्वास ठेवायचा नसतो हे माहितीये. पुढे ती काय करते ते बघाच, पण एवढं सांगतो की पन्नास वर्षांत या माणसाच्या मनात काय बदललं ते त्या कुत्रीत दिसतं.

ही माया त्याच्यात आधी नव्हती. खूनच इतके सुंदर शूट करायचा की मेलेल्या बाईबद्दल वाईट वाटायला वेळच मिळायचा नाही. इथे त्याचीच मुलगी आसिया रीटाचं काम करते, डायनाला काठी घेऊन चालायला, घरात वावरायला शिकवणारी, आणि ते सीन तो घाई न करता दाखवतो. ही स्क्रिप्टसुद्धा साधारण वीस वर्षांपूर्वीची, प्रोड्युसरचं दिवाळं निघालं म्हणून पडून राहिलेली, आसियालाच परत सापडली आणि तिनेच बापाला मागे लागून करायला लावली.

याआधी एकदा, २००१ला स्लीपलेसच्या वेळीही लोक म्हणालेच होते की आर्जेन्तो परत आला. त्यातला रात्रीच्या रिकाम्या ट्रेनमधला खून भारीच आहे, सिद्धेश्वर एक्सप्रेसने जाताना रात्री बाथरूमकडे निघालो की मला हटकून तो आठवतो. पण त्या ट्रेननंतर पिक्चर ढिला पडतो असं माझं मत आहे.

डार्क ग्लासेसही ढिला पडतोच, खोटं कशाला बोलू. पोलीस अगदीच बावळट आहेत, पाण्यातल्या सापांचा सीन कशाला घातला कळत नाही, खुन्याचं कारण फारच किरकोळ आहे. माझा एक मित्र, ज्याला मीच हे वेड लावलं, तो फोनवर म्हणाला, "काय बे, खुनी कोण ते आधीच कळतंय की, मग बघायचं काय?" मी म्हटलं अरे, तुला कळलंय पण तिला दिसत नाहीये ना, तो समोर उभा असला तरी तिला दिसणार नाहीये, भीती तिथे आहे. तो म्हणाला मग हा जॅलो नाहीच. यावर आमचं अजून भांडण चालू आहे. त्याने कॅट ओ नाईन टेल्स बघितलेला नाही, तो आधी बघ आणि मग बोल असं सांगून ठेवलंय.