निपाणीहून बेंगळूर : सांबरा की उजळाईवाडी?

बहिणीकडं बेंगळूरला बारसं होतं आणि आप्पांना रात्रभराच्या स्लीपरमध्ये कोंबायचं नाही, एवढं घरात ठरलं. निपाणी ते बेंगळूर रस्त्यानं पावणेसहाशे किलोमीटर, म्हणजे विमानच. पण कुठून? आम्ही निपाणीकर दोन विमानतळांच्या मध्ये. दक्षिणेला बेळगावचं सांबरा, उत्तरेला कोल्हापूरचं उजळाईवाडी.

नेटवर अंतर शोधलं तर बेळगाव-बेंगळूर हवाई साडेचारशेच्या आत आणि कोल्हापूर-बेंगळूर सव्वापाचशेच्या पुढं. बेळगाव जवळ, असं कुणीही म्हणेल. पण आकाशातले ते ऐंशी-नव्वद किलोमीटर विमान दहा-बारा मिनिटांत कापतं. जमिनीवर मात्र उजळाईवाडी घरापासून पस्तीसेक किलोमीटर आणि सांबरा ऐंशीच्या वर. या फरकाला पाऊण तास तरी जातो, वर गाडीभाडं वेगळं. तरीही जाताना सांबराच घेतलं, कारण आमच्या तारखेला सोयीची वेळ तिथलीच होती. शेवटी किलोमीटरपेक्षा वेळापत्रकच ठरवतं.

तवंदी घाट, संकेश्वर, हत्तरगीचा टोल, मग बेळगाव शहर ओलांडून बागलकोट रोडनं सांबरा. गाडीवाल्या मामांनी दोन तास धरायला सांगितले होते आणि तेवढेच लागले. विमान सुटायच्या तासभर आधी चेक-इन काउंटर बंद होतो, त्यामुळं आणखी अर्धा तास हाताशी ठेवला होता.

आईनं डिंकाच्या लाडवांसोबत सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही बांधून दिल्या होत्या. बारशाची ओटी खोबऱ्याशिवाय कशी भरायची! पण विमान कंपनीच्या नको असलेल्या वस्तूंच्या यादीत सुकं खोबरं असतं. त्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं म्हणून. मी यादी आदल्या रात्री वाचली आणि वाट्या घरीच ठेवल्या. आईचा चेहरा बघण्यासारखा होता. लाडू मात्र बिनबोभाट गेले.

विमान पंख्याचं, एटीआर. मागच्या दारानं चढायचं. पंख वरच्या बाजूला असल्यामुळं खिडकीतून खालची शेतं मोकळी दिसतात. आप्पा ऊस कुठं संपला आणि मका कुठं लागला तेच बघत बसले. तिकिटावर सव्वा तासाच्या आसपासची वेळ छापलेली असते, ती नुसती उडण्याची नसते. विमान जागेवरून हललं तिथपासून पलीकडं थांबेपर्यंतची असते, म्हणजे धावपट्टीपर्यंत रांगत जाणंही त्यातच. हवेतला वेळ त्याहून कमी.

खरी परीक्षा उतरल्यावर. विमानतळ देवनहळ्ळीला, बहिणीचं घर जयनगरला. मधे चाळीस किलोमीटर आणि बेंगळूरचं ट्रॅफिक. वायु वज्रची बस मिळाली, एसी होती, पण पोचायला विमानापेक्षा जास्त वेळ गेला. दारापासून दारापर्यंत सात तास. बसनं दहा-अकरा लागले असते. तीन-चार तास वाचले, पण खिशाला ते बऱ्यापैकी जड पडले.

येताना उजळाईवाडीचं तिकीट काढलं. हवेत थोडं जास्त बसलो, पण उतरल्यावर कागल, कोगनोळीचा टोल आणि पाऊण तासात घर. तिकीट जातानापेक्षा महाग पडलं होतं. तो फरक गाडीभाड्यात जवळजवळ भरून निघाला.