बालसंगोपनचा फॉर्म आणि शाळेचा बोनाफाईड : माझा अनुभव

बालसंगोपन म्हणजे आई किंवा वडील नसलेल्या मुलांसाठी सरकार महिन्याला पैसे देतं ती योजना. तिच्या फॉर्मला कागद भरपूर लागतात. पण तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, आधार, पासबुक हे सगळं फार डोकं न खाता झालं. अडकलो कुठं तर शाळेच्या बोनाफाईडवर, म्हणजे मूल या शाळेत शिकतं असा दाखला. जो कागद शाळेनं उभ्या उभ्या द्यायचा असतो त्यावर. अजून आठवलं की डोकं तापतं म्हणून लिहितोय.

दाजी यंत्रमागावर कामाला होते, गेल्या वर्षी वारले. अक्का विडी घरकुलात (विडी कामगारांच्या वसाहतीत) राहते, घरी विड्या वळते. भाची सातवीला, एका अनुदानित शाळेत (नाव लिहीत नाही, पोरगी अजून तिथंच शिकते). भाचा तिसरीला, महापालिकेच्या शाळेत. दाजी गेल्यावर भाची शाळेला जाईनाशी झाली, अक्काच्या शेजारी बसून पानं कापून द्यायची, शेजारीपाजारी म्हणायचे किती शहाणी पोरगी. पण तिच्या वर्गाच्या मॅडम एका रविवारी विचारत विचारत घरी आल्या, पोरीच्या हातातली कात्री बघितली, काही बोलल्या नाहीत, चहा घेतला आणि मग अक्काला म्हणाल्या, ताई, सोमवारपासून हिला पाठवा, आणि क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेचा फॉर्म भरा. आम्ही समजत होतो ती अनाथ पोरांची योजना. तसं नाही. आई किंवा वडील, दोघांपैकी एक नसलं तरी चालतं, घटस्फोट झालेला असला किंवा पालकाला मोठा आजार असला तरी अर्ज करता येतो. 18 वर्षांपर्यंत मिळते, महिन्याला मुलामागं 2250 रुपये. आधी 1100 होते.

भाच्याच्या शाळेत गेलो, हेडसरांनी खिचडीचं वाटप चालू असताना तिथंच बाकावर बसून बोनाफाईड लिहिला, शिक्का मारला, वर पोराला खाऊन जा म्हणाले. महापालिकेच्या शाळेला नावं ठेवणाऱ्यांनी हे वाचावं.

आता भाचीची शाळा. ऑफिसच्या खिडकीवर क्लार्क. त्यांनी जनरल रजिस्टर काढलं, चष्मा लावून रकान्यावरून बोट फिरवत नेलं आणि थांबले. रजिस्टरला वडिलांचं नाव दत्तात्रय, मृत्यूच्या दाखल्यावर दत्तात्रेय. जुळत नाही, देता येणार नाही.

मग काय करायचं? रजिस्टरमध्ये दुरुस्ती करा. ती कोण करणार? शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. त्यांच्याकडं काय न्यायचं? मुख्याध्यापकांचा प्रस्ताव. तो कोण तयार करणार? ऑफिस करतं. अहो, ऑफिस म्हणजे तुम्हीच ना ओ! तर म्हणे सध्या परीक्षेचं काम आहे, नंतर या. नंतर गेलो तर साहेब रजेवर. त्यानंतर गेलो तर ऑनलाइनचं काम चालू आहे, लिंक नाही. आता बोनाफाईडला कसली लिंक लागते देव जाणे, छापील फॉर्म तर त्यांच्या ड्रॉवरमध्येच होता, मला दिसत होता.

प्रत्येक खेपेला अक्काचा दिवस बुडायचा. विड्या कारखान्यात सकाळी ठरल्या वेळेत द्याव्या लागतात, माल कमी गेला की हजेरी कमी. एकदा तर क्लार्क म्हणाले, वडिलांचं आधार दुरुस्त करून आणा म्हणजे प्रश्नच मिटला. अक्का इतके दिवस गप्प उभी असायची, त्या दिवशी म्हणाली, "त्यांना आता कुठनं बोलवू ओ बोटं लावायला?" खिडकीमागचे दोघंतिघं मान खाली घालून कागद चाळायला लागले. बोनाफाईड तरीही मिळाला नाही.

शेवटी भाचीनंच मॅडमना सांगितलं. मॅडम आम्हाला थेट मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये घेऊन गेल्या. सर दोन वाक्यं बोलले, की बोनाफाईड म्हणजे आपल्या रजिस्टरला जे आहे ते लिहून द्यायचं, बाहेरच्या दाखल्याशी जुळवत बसणं आपलं काम नाही. झालं! क्लार्कनं शिक्का असा आपटला की टेबलावरचा चहा सांडला. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

नावातल्या फरकासाठी अक्कानं स्वयंघोषणापत्र लिहून दिलं, दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत म्हणून, आणि ते चाललं. 2015 पासून बऱ्याच कामांना सरकार स्वयंघोषणापत्र घेतं, त्यामुळं कुणी ॲफिडेव्हिट मागितलं तर आधी हे चालतं का विचारा, उगाच पैसे घालवू नका. पण रजिस्टरमधली चूक पोरगं शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्या, शाळा सोडल्याचा दाखला निघाल्यावर फार अवघड जातं. आम्ही तोही अर्ज दिलाय, पोच घेऊन.

पुढं घरी चौकशीला बाई येऊन गेल्या, मग पोरांना घेऊन बालकल्याण समितीपुढं गेलो, मंजुरीची ऑर्डर तीच काढते. कोर्टासारखं असेल म्हणून अक्का घाबरलेली, पण त्यांनी शाळा आवडते का, घरी कोण कोण असतं एवढंच विचारलं. ऑर्डर निघाली. पैसे महिन्याच्या महिन्याला येतील असं धरून चालू नका, आमचे साठून एकदम आले.

हां, फोटो राहिलाच. घरासमोर आई आणि मुलं असा एकत्र फोटो लागतो. फोटोवाला सवयीनं "जरा हसा" म्हणाला आणि अक्कानं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं गपचूप क्लिक केलं. बोनाफाईडच्या दोनचार कॉपी जास्तीच्या घ्या, पुढच्या वर्षी नूतनीकरणाला परत लागतो.

विडी कार्ड (विडी कामगाराचं ओळखपत्र) असेल तर मुलांसाठी केंद्राच्या कामगार खात्याची वेगळी स्कॉलरशिप आहे, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर फॉर्म भरायचा. आणि मॅडमनी अजून एक सांगितलंय, आठवीत एनएमएमएसची (कमी उत्पन्नाच्या घरातल्या हुशार मुलांसाठीची केंद्राची स्कॉलरशिप) परीक्षा, उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत पाहिजे, पास होऊन निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12000. फॉर्म शाळेतूनच भरतात. अक्काला आत्ताच सांगून ठेवलंय, थेट मॅडमकडं जायचं, खिडकीकडं बघायचंसुद्धा नाही.