जीमेलमध्ये फोल्डर नसतात

आउटलुक किंवा कॉम्प्युटरवरच्या फायलींची सवय असलेला माणूस जीमेलमध्ये पहिल्या दिवशी फोल्डर शोधतो. ते तिथे नाहीत. प्रत्येक मेल एकदाच साठवलेला असतो, त्यावर चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात. या चिठ्ठ्या म्हणजे लेबलं. एकाच मेलवर ‘वीजबिल’ आणि ‘2025 चा आयकर’ अशी दोन्ही लेबलं लागली, तर तो दोन्हीकडे दिसतो, पण जागा एकदाच खातो.

खरी गोम इथे आहे: इनबॉक्ससुद्धा एक लेबलच. अर्काइव्ह केलं की फक्त तेवढी चिठ्ठी निघते, मेल ‘ऑल मेल’मध्ये राहतो आणि कुणी उत्तर दिलं की इनबॉक्समध्ये परत येतो. ‘मूव्ह टू’ म्हणजे इनबॉक्सची चिठ्ठी काढून दुसरी लावणं. डिलीटचं मात्र वेगळं. ‘वीजबिल’मधून मेल डिलीट केला, तर तो ‘आयकर’मधूनही जातो आणि ट्रॅशमध्ये 30 दिवस राहून कायमचा नष्ट होतो. नुसतं लेबल पुसलं तर आतले मेल सुरक्षित असतात. म्हणून यादी आवरायची असेल तेव्हा लेबल काढा, मेलला हात लावू नका.

फसगत सर्वात जास्त होते ती कॉन्व्हर्सेशन व्ह्यूमध्ये. एका विषयाची उत्तरं एकाखाली एक जमतात, त्यामुळे यादीत खूण करून डिलीट केलं की अख्खी साखळी जाते. एकच नको असेल, तर साखळी उघडून त्या मेलच्या तीन ठिपक्यांमधून ‘डिलीट धिस मेसेज’ निवडा. विषय बदलला किंवा 100 मेल झाले की साखळी तुटून नवी सुरू होते. ‘मधले मेल गेले कुठे’ याचं उत्तर बहुतेकदा तेच.

लेबलं हाताने लावत बसू नका, फिल्टर बनवा, म्हणजे येणाऱ्या मेलवर आपोआप चालणारा नियम. सर्चच्या पट्टीच्या उजव्या टोकाचं चिन्ह दाबा, ‘फ्रॉम’मध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता टाका, ‘क्रिएट फिल्टर’ दाबा आणि ‘अप्लाय द लेबल’वर खूण करा. जुन्या मेलनाही लेबल हवं असेल, तर शेवटचा ‘ऑल्सो अप्लाय’वाला चौकोन विसरू नका. ‘स्किप द इनबॉक्स’ बँकेच्या मेलना लावू नये असं माझं ठाम मत आहे: इनबॉक्समध्ये न आलेल्या मेलची सूचना फोन सहसा देत नाही. फिल्टर फोनच्या ॲपमधून बनत नाही, ब्राउझरच लागतो.

जागेचं म्हणाल, तर फुकटचे 15 जीबी ड्राइव्ह आणि फोटोंसह मिळून आहेत. अर्काइव्हने त्यातलं काही मोकळं होत नाही. त्याच सर्च फॉर्ममध्ये ‘साइज’ 10 एमबीपेक्षा मोठी ठेवा, निकालातले नकोसे मेल डिलीट करा आणि मग ट्रॅशही रिकामा करा. तोवर आकडा हलत नाही.