रॉकर गार्ड घरीच बसवले : अडले ते फक्त एका नटाशी

माझी गाडी जीप रँग्लर टीजे. हे मॉडेल 1997 ते 2006 या काळात निघालं. चेसिस वेगळी आणि तिच्यावर बोल्टांनी बसवलेली बॉडी अशी जुन्या धाटणीची रचना. चाकांमधलं अंतर फक्त 93.4 इंच असल्यामुळे ती उंचवट्यावर सहसा मधोमध अडकत नाही. पण दगडावरून उतरताना मागचं चाक बाजूला घसरलं, की दाराखालचा पत्रा, म्हणजे रॉकर, सरळ दगडावर येतो. तो पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा. एकदा आत गेला की दार घासायला लागतं, रंग फुटतो आणि फुटलेल्या रंगातून गंज आत शिरतो. 2003 मध्ये आलेल्या याच गाडीच्या रुबिकॉन आवृत्तीला कंपनीनेच तिथे संरक्षक पट्ट्या दिल्या होत्या. माझ्या गाडीला त्या नव्हत्या, म्हणून पावणेपाच मिलिमीटर जाडीच्या पोलादी प्लेटांचा संच आणला. भाऊ मदतीला होता. दोन दिवसांत होईल असं धरलं होतं, चार लागले. त्यातले जवळपास दोन दिवस एका नटाने खाल्ले, आणि त्याच्याबद्दलच मला नीट लिहायचं आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. चेसिसला जोडलेले स्लायडर वेगळे आणि बॉडीला जोडलेले गार्ड वेगळे. स्लायडरवर अख्ख्या गाडीचा भार घेता येतो, जॅकही लावता येतो. माझे गार्ड बॉडीचे आहेत. ते धक्का मोठ्या भागावर पसरवतात आणि दगडावरून घसरायला मदत करतात. त्यांच्याखाली जॅक लावून गाडी उचलायची नाही, मी उचलत नाही.

गाडी धुणं, दाराजवळचं कार्पेट मागे सारणं, खालून वायरी आणि नळ्या कुठून जातात ते बघणं, प्लेट जॅकवर लाकडी ठोकळा ठेवून जागेवर टेकवणं आणि भोकांतून खुणा करणं, हे सगळं पहिल्या सकाळी आटोपलं. वरच्या बाजूला सहा बोल्ट, खालून चार. खालच्या चारांना मागून पाना लागतो, त्यामुळे तिथे साधे नट-बोल्ट. वरच्या सहांच्या मागे मात्र बंद पेटी आहे. तिथे हात जात नाही, म्हणून रिवेट नट बसवायचे. हा नट भोकात घालायचा आणि हत्याराने आतून ओढायचा. मग त्याची मागची बाजू फुगते आणि पत्रा कॉलर व फुगवट्याच्या मध्ये घट्ट धरला जातो.

संचासोबतच्या पत्रकात या सगळ्या कामाला एक ओळ होती : ‘भोकं पाडून नट बसवा.’ भोकाचं माप नाही, पत्र्याची जाडी नाही, हत्यार किती दाबायचं ते नाही. त्या ओळीचा राग मला अजून आहे. बाकीच्या सोप्या कामांना चित्रं होती, आणि जिथे चूक झाली तर परत फिरता येत नाही तिथे चार शब्द.

एम8 च्या, म्हणजे 8 मिलिमीटर जाडीच्या बोल्टाच्या, रिवेट नटाला 11 मिलिमीटरचं भोक लागतं. माझ्याकडे 11 चं बिट नव्हतं. पायऱ्यांचं ड्रिल होतं, पण त्याच्या पायऱ्या दोन-दोन मिलिमीटरच्या : 10 नंतर थेट 12. पहिली तीन भोकं मी 10 ची पाडून गोल कानशीने वाढवली. प्रत्येकाला पंधरा-वीस मिनिटं लागली. चौथ्याला भाऊ म्हणाला, ‘‘ताई, एका मिलिमीटरने काय होतंय, फुगल्यावर धरेलच तो.’’ मलाही संध्याकाळच्या आत एक बाजू पुरी करायची घाई होती. चौथं भोक 12 चं पाडलं.

नट बसला. बोटाने हलवून पाहिला, हलला नाही. मग प्लेट लावून वरचे सगळे बोल्ट हाताने फिरवले आणि ॲलन की घेऊन एकेक आवळत गेले. चौथा अर्धा आत गेला आणि हाताला जाणवणारा ताण एकदम नाहीसा झाला. बोल्ट फिरत होता, पण आतही जात नव्हता आणि बाहेरही येत नव्हता. त्याच्यासोबत पत्र्यातला नटच फिरत होता. आणि नटाची कॉलर पकडावी, तर ती प्लेटच्या मागे.

आधी बाकीचे पाच काढले. प्लेट त्या एका बोल्टावर लोंबकळत राहिली, भावाने ती खालून धरून ठेवली. प्लेट आणि बॉडीच्या मध्ये लाकडी पाचर ठोकली. प्लेट बाहेर ढकलली गेली की बोल्टाचं डोकं ओढलं जातं आणि नटाचा फुगवटा पत्र्यावर मागून दाबला जातो. तेवढ्या घर्षणाने नट कधी कधी थांबतो. दोन वेढे बोल्ट खरंच बाहेर आला, मग पुन्हा फिरायला लागला. पाचर आणखी ठोकली तसा पत्राच बाहेर यायला लागला, तेव्हा थांबले. रात्र झाली होती. प्लेटखाली ठोकळे लावले आणि आत गेले. झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी बोल्टाचं डोकं ग्राइंडरने उडवायचं ठरवलं. ड्रिलने ते जमत नाही, कारण बिटासोबत बोल्टही फिरतो. ग्राइंडरच्या ठिणग्या काचेवर पडल्या तर काचेत रुततात आणि ते ठिपके कधीच जात नाहीत, म्हणून दार आणि काचा ओल्या जाड कापडाने झाकल्या. आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवलं, खालून इंधनाच्या नळ्या जातात. डोकं गेलं, प्लेट सुटली. आता कॉलर दिसली. ती लॉकिंग पक्कडीत धरून उरलेला बोल्ट फिरवायचा प्रयत्न केला, पण कॉलर पातळ, पक्कड सटकत होती. शेवटी कॉलरच कडेकडेने घासून काढली आणि नट पंचाने आत ढकलला. आत पडल्याचा टण् आवाज आला, तेव्हा भाऊ आणि मी दोघांनीही श्वास सोडला. तो आत ठेवायचा नव्हता, नाहीतर कायम खडखडला असता. खालच्या पाणी निघायच्या भोकापर्यंत बाहेरून चुंबकाने सरकवत आणला. पण उरलेल्या बोल्टासकट तो त्या भोकातून मावेना. मग तारेला छोटं चुंबक बांधून त्याला पुन्हा पेटीतून वर ओढलं आणि आता मोठ्या झालेल्या त्याच चौथ्या भोकातून बाहेर काढलं. या ओढाओढीत पाऊण तास गेला.

त्या जागी एम10 चा नट बसवला. त्याला 13 मिलिमीटरचं भोक लागतं, म्हणजे बिघडलेल्या भोकाला पुढचं माप आयतंच मिळालं. प्लेटमधलं भोक मात्र 11 पर्यंत वाढवावं लागलं. जाड पोलादात ड्रिल हळू चालवायचं, वर कटिंग ऑइल सोडत राहायचं. वेग वाढवलात तर बिट निळं पडतं आणि कापणं सोडतं.

तर बिट आधी आणा. एम6 ला 9, एम8 ला 11, एम10 ला 13, सगळी मिलिमीटरमध्ये. संचातले नट इंचाच्या मापाचे असतील तर नट बनवणाऱ्याने दिलेलं माप बघा. पहिला नट गाडीत बसवू नका, तेवढ्याच जाडीच्या भंगार पत्र्यात बसवून बोल्ट आवळून पाहा. मी हे दुसऱ्या बाजूच्या आधी केलं, तेव्हा कळलं की हत्याराची ओढही मी कमी ठेवली होती. नट पुरता फुगलाच नसणार. जास्त ओढलं तर आटे जातात, म्हणून भंगारातच दोन-तीन नट खर्च करा. नटासाठी दिलेल्या पकडीच्या जाडीत रंग आणि खालचं रबरी कोटिंगही मोजलं जातं. भोकाभोवतीचं कोटिंग मी खरवडून काढलं.

आणखी एक, भोक पाडण्यापूर्वी पंच मारा आणि 3 मिलिमीटरने सुरुवात करा. रंगावर बिट घसरलं तर लांब ओरखडा जातो. प्रत्येक भोकाच्या कडेला जस्ताचं प्रायमर लावून पुरतं वाळू द्या. पेटीत पडलेला लोखंडी बुरा चुंबकाने आणि व्हॅक्यूमने काढा. तो आत राहिला तर ओल धरून तिथूनच गंज सुरू होतो. शेवटी आत मेणाचा फवारा मारा, पण पाणी निघायची भोकं बुजवू नका.

बोल्ट आवळताना इम्पॅक्ट गन बाजूला ठेवा. 8.8 या ताकदीच्या दर्जाच्या एम8 बोल्टाला आवळताना एरवी साधारण 25 न्यूटन-मीटरचा पीळ चालतो, पण पातळ पत्र्यातल्या रिवेट नटाला मी 15 च्या पुढे नेलं नाही. बोल्ट सुटू नयेत म्हणून निळं थ्रेडलॉकर लावलं.

दुसरी बाजू 11 च्या बिटाने एका सकाळीत झाली, एकही नट फिरला नाही. दोन्ही प्लेटा लागल्यावर गाडी खालून बघितली आणि मला फार बरं वाटलं. हे काम आम्ही दोघांनी केलं होतं. प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावरून प्लेटवर पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवली आहे, बोल्ट फिरला तर ती तुटलेली दिसते. पहिल्या खडकाळ फेरीत डावी प्लेट दोनदा दगडावर जोरात आदळली, तिचा काळा रंग वीतभर निघाला. घरी येऊन आधी रेघा पाहिल्या. दहाही सरळ होत्या, त्या मोठ्या डोक्याच्या चौथ्या बोल्टाचीसुद्धा.