मेमरी आवरली जाते, मग फाइल का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. प्रश्न साधारण असा असतो: जावा, पायथन, गो या भाषांत गार्बेज कलेक्टर, म्हणजे न लागणारी मेमरी आपोआप मोकळी करणारी यंत्रणा, आहे. मग फाइल, सॉकेट (नेटवर्क कनेक्शनचं आपल्याकडचं टोक), लॉक (एका वेळी एकालाच वापर करू देणारं कुलूप) आम्हीच का बंद करायचे?

कारण कलेक्टरचं लक्ष फक्त मेमरीकडे असतं. समजा, एक सर्व्हर दर रिक्वेस्टला एक फाइल उघडतो आणि बंद करायला विसरतो. लिनक्सवर एका प्रोसेसला एका वेळी सहसा १०२४ फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलला मिळणारे क्रमांक) मिळतात, आणि सॉकेटही त्यातच मोजले जातात. इकडे डिस्क्रिप्टर संपत आलेले असतात, तिकडे हीपवर, म्हणजे ऑब्जेक्ट ठेवण्याच्या मेमरीत, जेमतेम हजारभर छोटे ऑब्जेक्ट पडून असतात. मेमरी भरपूर शिल्लक आहे, मग कलेक्टर घाई कशाला करेल? शेवटी ‘टू मेनी ओपन फाइल्स’ अशी एरर येते, तीही बहुधा भलत्याच ठिकाणी, जिथे नवं कनेक्शन उघडायचं असतं तिथे. सर्व्हर रीस्टार्ट केला की सगळं सुरळीत होतं, आणि म्हणूनच हा बग महिनोन्महिने कुणाला सापडत नाही.

हे काम फायनलायझरवर, म्हणजे ऑब्जेक्ट आवरताना कलेक्टरने चालवायच्या कोडवर, सोपवून पाहिलं गेलं आहे. जावामध्ये त्यासाठी फायनलाइझ मेथड होती. पण ती कधी चालेल, मुळात चालेल की नाही, याची हमी नव्हती. जावा ९ मध्ये, २०१७ साली, ती डेप्रिकेट झाली, म्हणजे ‘आता वापरू नका’ असं जाहीर झालं. २०२२ च्या जावा १८ ने फायनलायझेशनची अख्खी सोयच पुढे काढून टाकण्यासाठी नोंदवली. माझ्या मते हे फार आधी व्हायला हवं होतं. पायथनचा फसवेपणा वेगळा आहे. सीपायथन, म्हणजे पायथनचं नेहमीचं रूप, प्रत्येक ऑब्जेक्टकडे बोट दाखवणारे रेफरन्स मोजतं, त्यामुळे शेवटचा रेफरन्स गेला की फाइल तिथल्या तिथे बंद होते. तोच कोड पायपाय या पायथनच्या दुसऱ्या रूपावर चालवा, फाइल उघडीच राहू शकते.

खरं उत्तर सी प्लस प्लसने १९८० च्या दशकातच दिलं होतं: फाइल, सॉकेट अशा रिसोर्सचं आयुष्य स्कोपला, म्हणजे ते ज्या ब्लॉकमध्ये वापरात असतं त्याला, बांधा. ब्लॉक संपला की डिस्ट्रक्टर, म्हणजे आवराआवर करणारा कोड, चालतो, मग बाहेर पडणं रिटर्नने असो वा एक्सेप्शनने (मध्येच आलेल्या एररने). पायथनचं ‘विथ’, सी शार्पचं ‘युझिंग’, जावा ७ चं ‘ट्राय-विथ-रिसोर्सेस’ ही याच विचाराची रूपं. गोचा ‘डिफर’ मात्र जपून वापरा. तो फंक्शन संपताना चालतो, ब्लॉक संपताना नाही. लूपमध्ये फाइल उघडून तिथेच डिफर लिहिलात तर सगळ्या फाइली फंक्शन संपेपर्यंत उघड्या राहतात. लूपचा आतला भाग वेगळ्या फंक्शनमध्ये काढला की प्रश्न मिटतो.

रस्ट ही भाषा एक पाऊल पुढे जाते. मालकी दुसऱ्याकडे दिली की जुन्या नावाने ती फाइल वापरताच येत नाही, कंपायलर अडवतो. मला ही भाषा मनापासून आवडते, पण डिस्ट्रक्टर चालेलच असं वचन तीही देत नाही. रेफरन्स मोजणाऱ्या पॉइंटरचं चक्र झालं, म्हणजे ते एकमेकांनाच धरून बसले, तर त्यातल्या वस्तू कायमच्या लटकून राहतात. रस्ट १.० च्या तोंडावर, २०१५ मध्ये, याच फटीमुळे थ्रेडची (प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या कामाची) एक एपीआय, म्हणजे लायब्ररीने दिलेली सोय, मागे घ्यावी लागली. थ्रेड संपण्याआधी उसना डेटा नष्ट होऊ नये, हे तिथे गार्ड नावाच्या एका राखणदार ऑब्जेक्टच्या डिस्ट्रक्टरवर अवलंबून होतं. गार्डच लटकला तर सुरक्षितता गेली. २०२२ मध्ये रस्ट १.६३ ने ती सोय परत आणली, पण क्लोजरच्या (लायब्ररीला चालवायला दिलेल्या फंक्शनच्या) रूपात: क्लोजरमधून बाहेर येण्यापूर्वी लायब्ररी स्वतःच सगळ्या थ्रेडची वाट पाहते.

आणखी एक गोष्ट बरेचदा निसटते. बंद करणंही फसू शकतं. रस्टमध्ये फाइल आपोआप बंद होताना आलेली एरर गिळली जाते, कारण डिस्ट्रक्टरला ती परत द्यायला जागाच नसते. तेव्हा लिहिलेला डेटा महत्त्वाचा असेल तर स्कोप संपण्याआधी, डेटा डिस्कवर पोहोचवणारं सिंक-ऑल स्वतः बोलवा आणि त्याचा निकाल तपासा.